शुक्रवारचे फोन

गुरुवारी संध्याकाळी सातला पुरुष येतात.
शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या बायकांना फोन करते.
ताल्काउआनो बंदराच्या चढावर, दवाखान्याच्या माडीवर,
रॉकेलच्या शेगडीचा वास भिंतींत मुरलेल्या
दोन खोल्या. एक त्यांची, एक माझी.

त्यांची तोंडं मी फारशी पाहिलेली नाहीत.
कधी उशिरापर्यंत थांबले तर ऐकू येतात:
आधी खुर्च्या, मग खोकले,
मग एव्हारिस्तोचा न चढणारा, न उतरणारा आवाज,
"पुन्हा सांग."

निवाल्दो सांगतो. धक्क्यावर क्रेन चालवतो,
तीस टनांचा कंटेनर अंड्यासारखा खाली ठेवतो म्हणे.
"त्या रात्री माझा हात सुटला."
"सुटून कुठे गेला?"
कुणीतरी हसतं. एव्हारिस्तो हसत नाही.
"पुन्हा सांग."
"भांडण झालं."
"कोणी केलं?"
"तोल गेला."
"क्रेनवर जातो का?"
मग बराच वेळ काहीच नाही.
खाली बंदरात समुद्रसिंह भुंकत राहतात.

सहावा गुरुवार. सातवा. अकरावा.
वाक्यं येतात, माणूस येत नाही.
डोकं फिरलं. दारू चढली. ताट उडालं.
पोर मध्ये आलं.
सगळं आपलं आपण होत गेलेलं,
धुकं होतं तसं, भरती होते तसं.
घरात एवढं घडलं
आणि घडवणारा त्या वेळी घरी नव्हता.

माझ्याकडे छापील प्रश्न आहेत.
ओरडतो का. पैसे हातात देतो का. मुलं झोपतात का.
रोसाल्बा म्हणाली, "सेफेरिनो हल्ली छान बोलतो.
मी रडले की म्हणतो, तू माझ्यावर दबाव आणतेस.
हा शब्द त्याच्याकडे पूर्वी नव्हता.
तुमच्याकडूनच आणला ना?"
उत्तराला कागदावर चौकट नव्हती.
समासात लिहिलं, आणि त्याच दुपारी
एव्हारिस्तोच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

चौदाव्या गुरुवारी भिंतीपलीकडून:
"मी मारलं."
"कोणाला?"
"हर्मिंदाला."
"कशानं?"
"किटलीनं."
आणि मग, कोणी विचारलं नसताना,
"रिकामी नव्हती."
कुणीच खोकलं नाही.
मी कोट घातला, जिन्यापर्यंत गेले,
आणि परत येऊन शेगडी विझवली का ते पाहिलं.
विझवलेली होती.

हर्मिंदा सार्डिनच्या कारखान्यात डबे भरते.
दहा वाजून वीस मिनिटांनी तिला सुट्टी, तेवढ्यात बोलायचं.
"दार हळू लावतो आता," ती म्हणाली.
"बरं वाटतं?"
"अहो, आधी दाराच्या आवाजावरून कळायचं
आज काय वाढून ठेवलंय ते.
हळू लावलेलं दार फार वेळ ऐकत बसावं लागतं."

मे महिन्यात ती बहिणीकडे राहायला गेली.
तो येत राहिला. खुर्च्याही लावू लागला.
एकदा जिन्यात समोर आला,
टोपी काढून भिंतीला चिकटून उभा राहिला, मला वाट द्यायला.
मी त्याचे हात पाहिले. पाहायचे नव्हते.
साधे हात होते. नखांत ग्रीस.

चोविसाव्या गुरुवारी कागद मिळतो,
निळा शिक्का, न वाचता येणारी सही.
दुसऱ्या दिवशी तिला माझा शेवटचा फोन.
मागे डब्यांचा खडखडाट.
"त्या कागदावर मारलं असं लिहिलंय?"
"नाही."
"मग काय लिहिलंय?"
"कार्यक्रम पूर्ण झाला."
"झाला," ती म्हणाली. "आपला आपण?"

मग कारखान्याची घंटा वाजली.
तिनं फोन ठेवला नाही. मीही.